बिशपांचा अधिकार: लेकीस पत्र

प्रिय लेकीस,

अनेक आशीर्वाद.

"पोपना आणि बिशपांना हा अधिकार दिला कोणी? बायबलमध्ये दाखवा," असं आपले प्रोटेस्टंट असलेले होणारे जावई तुला, कॅथलिक मुलीला, विचारतात, हे फोनवर कळलं. प्रश्न रास्त आहे. घाईत उत्तर देऊन तो उडवून लावू नये, म्हणून लिहायला बसले.

येशूला दगा देणारा यहूदा गेल्यावर उरलेल्या अकरा प्रेषितांनी, म्हणजे येशूच्या निवडक शिष्यांनी, त्याची जागा रिकामी ठेवली नाही. चिठ्ठ्या टाकून मत्थियाला घेतलं. प्रेषित पौलाने आपला सहकारी तीमथ्य याच्यावर हात ठेवले आणि बजावलं, की माझ्याकडून ऐकलंस ते विश्वासू माणसांना सोपव, म्हणजे ते इतरांना शिकवतील. प्रेषितांपासून बिशपांपर्यंत हात ठेवून अधिकार सोपवत येण्याला आपण प्रेषितीय परंपरा म्हणतो, तिचं मूळ इथे आहे. पुढे इ.स. १८० च्या सुमारास इरेनेयस या बिशपाने रोमच्या बिशपांची नावं क्रमाने लिहिली: लीनस, अनाक्लेतस, क्लेमेंत आणि पुढचे. येशूची खरी शिकवण गुप्त होती, ती आम्हालाच ठाऊक, असं तेव्हा काही पंथ सांगत होते. इरेनेयसचं उत्तर होतं, की तसं गुपित असतं तर प्रेषितांनी ज्यांच्या हाती मंडळ्या दिल्या, त्यांनाच ते आधी सांगितलं असतं. म्हणजे ही यादी मानमरातबासाठी केलेली नव्हती, शिकवण राखण्यासाठी होती. हे मला फार मोलाचं वाटतं.

आता त्यांची, म्हणजे प्रोटेस्टंटांची बाजू. त्यांच्या सुधारणेचा आरंभ करणाऱ्या मार्टिन लूथरने १५२० मध्ये लिहिलं, की बाप्तिस्मा झालेला प्रत्येक जण याजक आहे. लूथरच्या अनुयायांच्या १५३० च्या आउग्सबुर्गच्या विश्वासपत्रात म्हटलंय, की जिथे सुवार्ता शुद्ध शिकवली जाते आणि साक्रामेंत (बाप्तिस्म्यासारखे पवित्र संस्कार) नीट दिले जातात, तिथे चर्च आहे. डोक्यावर हात ठेवण्याची परंपरा चालू राहिली, पण शिकवणच बिघडली तर काय, हा त्यांचा सवाल. पैसे घेऊन पापाच्या शिक्षेतून सूट देणाऱ्या पत्रांचा त्या वेळचा बाजार आठवला, की तो टाळता येत नाही. रोमपासून वेगळ्या झालेल्या इंग्लंडच्या चर्चने, म्हणजे अँग्लिकनांनी, तर बिशपही राखले. तरी पोप तेरावे लिओ यांनी १८९६ मध्ये त्यांच्या याजकपदाच्या दीक्षा रद्दबातल ठरवल्या. ते दुखणं अजून गेलेलं नाही.

तरीही मी आपली परंपरा सोडणार नाही, आणि त्याचं कारण जर्मनीतल्या मारबुर्गची भेट. १५२९ मध्ये लूथर आणि दुसरा प्रोटेस्टंट सुधारक झ्विंग्ली तिथे समोरासमोर बसले. दोघांनाही शास्त्रच प्रमाण. शेवटच्या भोजनात भाकरी देताना येशू म्हणाला त्या "हे माझे शरीर आहे" या एका वाक्यावर दोघांचं जमलं नाही, आणि निवाडा करणारं कोणी नव्हतं. शास्त्र हाती असूनही वाचणारे दोन वाटांनी गेले, तर मंडळीने कोणाचं ऐकायचं?

आमचे बिशप शास्त्राच्या वर आहेत असं मात्र जावयांना वाटू देऊ नकोस. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने, म्हणजे जगभरच्या कॅथलिक बिशपांच्या सभेने, १९६५ मध्ये स्वच्छ सांगितलं, की चर्चचा शिकवण्याचा अधिकार देवाच्या वचनाच्या वर नसून त्याच्या सेवेत आहे. बिशपांचा दीक्षाविधी पाहिलास तर कळेल. जमलेले बिशप एकेक करून, एक शब्दही न बोलता नव्या बिशपांच्या डोक्यावर हात ठेवतात. मग दीक्षेची प्रार्थना चालू असताना दोन डीकन (याजकांच्या खालच्या पदाचे सेवक) उघडं शुभवर्तमान त्यांच्या डोक्यावर धरून उभे राहतात.

आणि हो, पाण्याने व त्रैक्याच्या (पिता, पुत्र व पवित्र आत्मा यांच्या) नावाने झालेला जावयांचा बाप्तिस्मा आपलं चर्च मानतं. लग्नाच्या परवानगीसाठी आपल्या धर्मगुरूंना वेळेत भेट. मारबुर्गचा प्रश्न त्यांना विचार, आणि ते काय म्हणतात ते मला सविस्तर कळव. मला ते खरंच ऐकायचं आहे.

तुझी,
आई