‘हीटप्रूफ’ ओटा म्हणजे किती अंशांचा?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

बेळगाव, खानापूर, निपाणी भागात नव्या घरांत कडाप्पा मागे पडून पांढऱ्या क्वार्ट्झचे ओटे बसू लागले आहेत. विकताना ‘हीटप्रूफ आहे, काही होत नाही’ एवढेच सांगतात. किती अंशांपर्यंत, हे गिऱ्हाईक विचारत नाही आणि दुकानदार सांगत नाही.

क्वार्ट्झची लादी खाणीतून अखंड निघत नाही. गारगोटीचा चुरा पॉलिएस्टर रेझिनमध्ये, म्हणजे प्लास्टिकसारख्या चिकट द्रव्यात, दाबून ती कारखान्यात घडवतात. गारगोटीला आचेचे काही नाही. रेझिन मात्र १५० अंश सेल्सिअसच्या आसपास बिघडू लागते. ज्वारीच्या भाकरीचा बिडाचा तवा २०० च्या वर सहज जातो, आणि जाड असल्याने लवकर निवत नाही. तो तसाच टेकवला की पिवळट गोल उमटतो. आतले रेझिनच करपलेले असल्याने सोडा, लिंबू, घासणी कशानेही तो निघत नाही.

ग्रॅनाईटवर असा डाग पडत नाही, पण तो तडकू शकतो. हॉब (ओट्यात बसवायची शेगडी) किंवा सिंकसाठी भोक पाडल्यावर पुढे-मागे दोन-अडीच इंचांची पट्टी उरते, तीच कच्ची जागा. तवा ठेवलेला भाग फुगतो, शेजारचा थंडच राहतो, आणि काटकोनात कापलेल्या कोपऱ्यातून चीर निघते. कोपरे गोल काढून घ्यावेत, पट्टीखाली सलग आधार द्यावा. कारागीर हे आपणहून क्वचितच करतो. कडाप्पा आच सोसतो, त्याचे वैर चिंच-लिंबाशी, कारण तो चुनखडीचा दगड.

ओटा कुठलाही असो, पायांची लोखंडी अडणी हाताशी ठेवावी. ओला फडका नको: त्यातून आच खाली उतरते, शिवाय तापलेले बीड त्यावर तडकू शकते.

भांड्यांनाही हाच हिशेब लागू. नॉनस्टिकची मर्यादा साधारण २६० अंश. रिकामा तवा मोठ्या आचेवर काही मिनिटांत ती ओलांडतो. पुढे निघणारा धूर घरातल्या पाळीव पक्ष्यांच्या जिवावर बेततो. कल्हईचे कथील २३२ अंशांना वितळते. आमटी-कढीत पाणी असेपर्यंत ते १०० च्या फार वर जात नाही, म्हणून चालते; कोरडे भाजणे किंवा कडकडीत फोडणी त्या पातेल्यात नको. खानापूरच्या मातीच्या भांड्यांना मंद आचेची सुरुवात द्यावी आणि तापल्यावर गार पाणी ओतू नये.

विक्रेत्यांनी ओट्याच्या बिलावर अंशांचा आकडा लिहून द्यावा, तोही मराठी-कन्नडमध्ये. क्वार्ट्झच्या हमीपत्रांत उष्णतेने झालेले नुकसान बहुधा वगळलेले असते. ते कलम बारीक इंग्रजी अक्षरांत असते. पैसे देण्याआधी कोणाकडून तरी वाचून घ्यावे.

आपला,
दगडकामातील एक वाचक, शहापूर, बेळगाव