कारप्लस सर, तुमच्यामुळे माझं रसायनशास्त्र सुटलं नाही

आदरणीय मार्टिन कारप्लस सर,
सा. न. वि. वि.

डिसेंबर 2024 मध्ये तुम्ही गेल्याची बातमी वाचली आणि हे पत्र लिहायचं राहूनच गेलं, याची चुटपुट लागली. तुम्ही नोबेलविजेते रसायनशास्त्रज्ञ, मी पुण्यातली एक संशोधिका; आपली कधी भेट झाली नाही. तरी आभार मानायचेच आहेत.

पुण्यात एम.एस्सी.ला असताना मी एक ग्लुकोसाइड, म्हणजे ग्लुकोजला दुसरा रेणू जोडलेलं संयुग, बनवलं. ही जोडणी दोन दिशांनी होऊ शकते, अल्फा किंवा बीटा; माझं कुठलं, हे काही केल्या ठरेना. एनएमआरमध्ये, म्हणजे चुंबकीय क्षेत्रात रेणूची रचना ओळखण्याच्या चाचणीत, पहिल्या कार्बनवरच्या हायड्रोजनचं शिखर दुभंगलेलं, दोन फाट्यांत जवळजवळ 8 हर्ट्झचं अंतर. आमच्या बाईंनी वहीच्या मागच्या पानावर तुमच्या 1959 च्या समीकरणाचा वक्र काढला. शेजारच्या कार्बनांवरच्या दोन हायड्रोजनांमधला पिळाचा कोन 180 अंशांजवळ असेल तर हे अंतर मोठं, 60 च्या आसपास असेल तर 3-4 हर्ट्झ. बीटामध्ये तो 180 च्या जवळ असतो. म्हणजे माझं बीटा! याच समीकरणावरून एक-दोन अंशांइतका अचूक कोन काढायला जाऊ नका, असं तुम्हीच 1963 मध्ये बजावलं होतं, हे पुढे कळलं. स्वतःच्या समीकरणाची मर्यादा स्वतः सांगणारा माणूस मला तेव्हाच आपला वाटला.

त्याच वर्षी द्रावकांच्या वाफांनी माझा दमा बळावला. डॉक्टरांनी प्रयोगशाळेत जाणं बंद करायला सांगितलं. आता बँकेच्या परीक्षा द्यायच्या, असं घरी जवळजवळ ठरलं होतं. तेव्हा बाईंनी तुमचा, मॅकॅमन आणि गेलिन यांच्यासोबतचा 1977 चा निबंध माझ्या हातात ठेवला. 58 अमिनो आम्लांचं एक छोटं प्रथिन. संगणकावर त्यातल्या अणूंवरचं बल मोजायचं, न्यूटनच्या नियमांनी प्रत्येकाला किंचित पुढे सरकवायचं, पुन्हा बल मोजायचं. सगळं मिळून दहा पिकोसेकंदही नाहीत (एक पिकोसेकंद म्हणजे सेकंदाचा एक लाख कोटीवा भाग), भोवती पाणीही नाही. पण स्फटिकाच्या चित्रात गोठल्यासारखं दिसणारं प्रथिन आतून द्रवासारखं हलत होतं. रसायनशास्त्रातले सहकारी याला वेळेचा अपव्यय म्हणत होते आणि जीवशास्त्रज्ञांना त्याचा उपयोग दिसत नव्हता, असं तुम्हीच सांगितलं आहे. तुम्ही थांबला नाहीत. वाफ नाही, चंचुपात्र नाही, तरी हे अस्सल रसायनशास्त्रच होतं. मीही रसायनशास्त्रातच राहिले.

2013 च्या नोबेलनंतर तुमच्याबद्दल मिळेल ते वाचलं. 1938 मध्ये आईबरोबर व्हिएन्ना सोडावं लागलेला आठ वर्षांचा मुलगा. पुढे अमेरिकेत मोठ्या भावासारखी रसायनांची पेटी मागितली, तर वडिलांनी नाही म्हटलं आणि सूक्ष्मदर्शक आणून दिला. हे वाचताना डोळे भरून आले, सर. पेटी तर माझीही काढून घेतली होती. त्या सूक्ष्मदर्शकातून तुम्ही पाण्यातले जीव पाहिलेत, मग पक्षी. ऑक्सफर्डला असताना लायका कॅमेरा घेऊन युरोपभर माणसं टिपलीत. फ्रान्समधल्या नामांकित रेस्टॉरंटांच्या स्वयंपाकघरांत राबलात. नोबेलपेक्षाही मला हे जास्त आवडतं. बघण्याची ती सवयच तुम्हाला रेणूंपर्यंत घेऊन गेली, असं मला मनापासून वाटतं.

आत्ता माझं एक प्रथिन हजारो पाण्याच्या रेणूंसह संगणकावर चाललं आहे. 500 नॅनोसेकंद (एक नॅनोसेकंद म्हणजे हजार पिकोसेकंद), म्हणजे तुमच्या त्या 1977 च्या गणिताच्या पन्नास हजार पटींहून जास्त. सोमवारपर्यंत ते संपणार नाही. तोवर रविवारी पहाटे मी दुर्बीण घेऊन पक्षी बघायला पुण्याजवळच्या कवडीपाटला जाईन. चक्रवाक आलेत.

आपली कृतज्ञ,
पुण्याची एक संशोधिका