पुठ्ठ्याचा पिरॅमिड नको, शाडूची पाटी हवी

महोदय,

दिवाळीची सुट्टी संपली की शाळाशाळांतून इतिहासाच्या प्रकल्पांची लगबग सुरू होते आणि स्टेशनरीच्या दुकानांत पुठ्ठ्याचे तयार पिरॅमिड टांगलेले दिसतात. मूल तो आणते, चिकटवते, खाली नाव-इयत्ता लिहिते. प्राचीन संस्कृतींबद्दल त्यातून त्याच्या हाती काही लागत नाही. सहावी ते आठवीच्या वर्गांना इतिहास शिकवणाऱ्या सर्वांना कळकळीने सुचवावेसे वाटते की, यंदा मुलांना मेसोपोटेमियातली, म्हणजे आजच्या इराकच्या प्राचीन भूमीतली, मातीची एक पाटी लिहायला द्या.

तिथल्या उरूक शहरात इ.स.पू. 3300च्या सुमारास मातीच्या पाट्यांवर ज्या पहिल्या नोंदी झाल्या, त्या राजांच्या पराक्रमाच्या नव्हत्या. त्या धान्याच्या, बिअरच्या, मेंढ्यांच्या होत्या. पुढे इ.स.पू. 2100 ते 2000च्या दरम्यान, तिथल्याच उर शहराच्या राज्यात पुरुष मजुराला महिन्याला साधारण 60 सिला जव मिळे. एक सिला म्हणजे अंदाजे एक लिटर. शाळेत रोज शिजणाऱ्या खिचडीचा हिशेब ठेवणे यापेक्षा फार वेगळे नाही, आणि मुलांना तो हिशेब चांगला ठाऊक असतो.

साहित्य गणपतीच्या कार्यशाळेतून उरलेलेच चालते. 25 मुलांना अडीच ते तीन किलो कोरडी शाडू पुरते. किलोला सुरुवातीला पाव लिटरच पाणी घालावे, मग लागेल तसे शिंपडत मळावे. गोळा ओल्या फडक्यात गुंडाळून रात्रभर ठेवावा. सकाळी अंगठा दाबून पाहावा: ठसा स्वच्छ उमटला आणि बोटाला माती लागली नाही, की झाली तयार. पाटी 8 सेंमी लांब, 6 सेंमी रुंद आणि दीड सेंमी जाड असावी. त्याहून पातळ केली तर हातातच मोडते, फार जाड केली तर वाळताना तडकते.

लेखणीसाठी आकाशकंदिलाची बांबूची कामटी घ्यावी. तिचे टोक सरळ, काटकोनात कापलेले हवे आणि ते शिक्षकांनीच कापावे. आइस्क्रीमच्या काडीचे गोल टोक तसेच वापरले की नुसते खळगे पडतात. मुलांची ठरलेली चूक म्हणजे पेन्सिलसारखे ओढून लिहिणे. ओढले की मातीची कड वर येते आणि अक्षर बुजते. कामटी आडवी कलती धरून तिचा कोपरा दाबायचा आणि लगेच उचलायचा; डोके रुंद, शेपूट निमुळते अशी पाचर उमटते. उभी पाचर म्हणजे 1. कामटी जरा उभी धरून फक्त कोपरा टेकवला की 10. एवढ्या दोन खुणांत 59 पर्यंतचे सगळे आकडे लिहिता येतात. लिहिताना पंखा बंद ठेवावा, नाहीतर दहा मिनिटांत वरची साय धरते आणि खुणांच्या कडा भुरभुरतात.

आता खरी गंमत. शाळेच्या खिचडीसाठी उच्च प्राथमिकला दर मुलामागे 150 ग्रॅम तांदूळ, म्हणजे 25 मुलांचे 3750 ग्रॅम. आकडेमोडीसाठी मेसोपोटेमियातले बॅबिलोनियन लोक 60 च्या पटीत मोजत, म्हणून हे झाले 3600 चा एक, 60 चे दोन आणि वर 30. पाटीवर एक पाचर, जागा सोडून दोन पाचरी, पुन्हा जागा सोडून तीन कोपरे. ही पाटी शेजारच्या रांगेला वाचायला द्यावी. पहिली जागा नीट सोडली नसेल तर एक आणि दोन मिळून तीन पाचरी होतात आणि वाचणारा सांगतो 3 गुणिले 60 अधिक 30, म्हणजे 210 ग्रॅम! पंचवीस मुलांना 210 ग्रॅम तांदूळ. स्थान दाखवणाऱ्या चिन्हाची गरज का पडली, हे इथे फळ्यावर न लिहिताही कळते. बॅबिलोनियन लेखकांनी रिकाम्या जागेसाठी दोन तिरप्या पाचरी वापरायला सुरुवात केली ती फार उशिरा. तासाची 60 मिनिटे याच मोजणीतून आपल्यापर्यंत आली, हे घड्याळाकडे बोट दाखवून सांगावे.

पाट्या सावलीत, वर्तमानपत्रावर, रोज उलटून चार-पाच दिवस वाळवाव्यात. उन्हात ठेवल्या तर वरची बाजू आधी आक्रसते आणि पाटी वाकते. भाजण्याचा मोह टाळावा. आत ओल राहिली असेल तर वाफेने पाटी फुटते. त्याऐवजी एक वाळलेली पाटी बादलीत सोडावी, ती मुलांच्या डोळ्यांदेखत विरघळू लागते. मग मेसोपोटेमियातल्याच निनेवे शहराची गोष्ट सांगावी. इ.स.पू. 612 मध्ये शत्रूंनी ते शहर जाळले, तेव्हा असुरबानिपाल राजाच्या ग्रंथसंग्रहातल्या कितीतरी कच्च्या पाट्या त्या आगीत भाजून पक्क्या झाल्या आणि आज वाचता येतात.

या सगळ्याला 35 मिनिटांच्या दोन तासिका लागतात. आकारिक मूल्यमापनात ‘उपक्रम’ म्हणून ते सहज बसते. गुण देताना मात्र पाटी सुबक आहे का हे पाहू नये. दुसऱ्या मुलाला त्यावरचा आकडा बरोबर वाचता आला, तर पूर्ण गुण द्यावेत.

– एक इतिहास शिक्षक, सातारा