फुलांची तोंडं घराकडे हवीत

ती. आई-बाबा,
सा. नमस्कार.

बाबा, वाफ्याचा नकाशा मिळाला. फाटकालगत सूर्यफुलांची रांग, दोन रोपांत दोन वितींचं अंतर, कडेने पाण्याला वाट, सगळं तुमच्या शिस्तीत. अंतर बरोबर, मातीही तिथली चांगली. जागा मात्र बदला, एवढं सांगायलाच हे पत्र.

फाटक पूर्वेला आहे आणि पूर्ण उमललेलं सूर्यफूल पूर्वेकडे तोंड करून थांबतं. फाटकापाशी लावलीत तर सगळी फुलं रस्त्याकडे बघणार, आणि ओसरीवर बसून तुम्हा दोघांना दिसणार त्यांच्या हिरव्या पाठी. जाणारे-येणारे खूश होतील, ते ठीक. पण पाणी तुम्ही घालायचं आणि तोंड त्यांनी बघायचं, हा कुठला न्याय?

आता तुम्ही म्हणाल, सूर्यफूल तर दिवसभर सूर्यामागे फिरतं. फिरतं, पण वाढीच्या वयात. शेंडा आणि कळी कोवळी असते तेव्हा दिवसा खोडाची पूर्वेकडची बाजू जास्त वाढते, म्हणून शेंडा पश्चिमेकडे कलतो. रात्री उलटी बाजू वाढते आणि पहाटेपर्यंत तो पुन्हा पूर्वेला वळलेला असतो, सूर्य उगवायच्या आधीच. फूल उमललं की खोडाची वाढ थांबते आणि फिरणंही थांबतं. कॅलिफोर्नियातल्या डेव्हिस इथल्या विद्यापीठातल्या शास्त्रज्ञांनी 2016 मध्ये यावर छान प्रयोग प्रसिद्ध केले. उमललेल्या फुलांच्या काही कुंड्या त्यांनी पश्चिमेकडे वळवून ठेवल्या. पूर्वेकडे तोंड असलेली फुलं सकाळच्या उन्हात लवकर तापली आणि त्यांच्यावर सुमारे पाचपट कीटक आले. मग त्यांनी पश्चिमेकडच्या फुलांना सकाळी हीटरने ऊब दिली, तर त्यांच्याकडेही मधमाश्या वाढल्या. बाबा, तुम्ही असतात तर तुम्हीही हेच करून पाहिलं असतंत.

तर रांग घ्या मागच्या अंगणात, पार पश्चिमेच्या कुंपणालगत. मागच्या दारात उभं राहिलं की सगळी फुलं समोर. घराच्या भिंतीजवळ नको, सकाळी तिथे घराचीच सावली पडते. कुंपणापाशीही खात्री करून घ्या: एखाद्या निरभ्र दिवशी दर दोन तासांनी डोकावून बघा. निदान 6 तास थेट ऊन हवं, 8 मिळालं तर सोन्याहून पिवळं.

वाणावरून तुमचं जे चाललंय त्यात मी आईच्या बाजूने आहे. बाबांना हवा तो उंच वाण अडीच-तीन मीटर जातो, त्याला एकच मोठं फूल येतं आणि ते भरलं की वजनाने मान टाकतं. मग त्याला बांधायला वर कोण चढणार? स्टूल नाही म्हणजे नाही, बाबा. फांद्या फुटणारे वाण दीड मीटरच्या आसपास थांबतात, एकेका झाडाला कितीतरी फुलं येतात, आणि आईला फुलदाणीसाठी कापता येतात. कापशील तेव्हा सकाळी लवकर काप, पाकळ्या नुकत्या सुटायला लागल्या असतील असं फूल निवड. बाबांच्या हौसेसाठी उंच वाणाचं एकच रोप कुंपणाच्या खांबाला लागून लावा. पेरतानाच काठी रोवा, नंतर रोवली की मुळं दुखावतात.

आई, तुझ्यासाठी तिसरा प्रकार आहे: बुटका वाण, फूट-दीड फुटाचा. फूटभर खोल, बुडाला भोकं असलेली कुंडी बाकावर ठेव, म्हणजे तुला वाकायलाच नको. कुंडी लवकर वाळते, एवढं मात्र बघावं लागेल. मातीत बोट खुपसून बघ. वरचा थर कोरडा लागला की खालून पाणी निथळेपर्यंत घाल.

पेरणीत फारसं काही नाही. बी मोठं असतं, चष्म्याशिवायही हाताला लागतं. इंचभर खोल टोचायचं, जागेवरच. वेगळ्या ट्रेमध्ये रोपं करून मग हलवायचा घाट घालू नका, याचं सोटमूळ सरळ खाली जातं आणि हलवलेलं त्याला मानवत नाही. माती उबदार असेल तर साधारण आठवडा-दहा दिवसांत कोंब दिसतात. प्रत्येक ठिकाणी दोन बिया घाला आणि दोन्ही उगवल्या तर कमजोर रोप काढा. हे काम बाबांकडे द्यावं, आईच्याने उगवलेलं रोप काढवणार नाही, मला ठाऊक आहे. उपटू मात्र नका, कात्रीने मातीलगत कापा, म्हणजे शेजारच्याची मुळं हलत नाहीत. कोंबांवर पक्षी तुटून पडतात. बूड कापलेली प्लॅस्टिकची बाटली काही दिवस कोंबावर उभी झाकून ठेवा, बूच काढून.

सगळं बी एका दिवशी संपवू नका. दोन-दोन आठवड्यांनी थोडं थोडं टोचलंत तर फुलंही टप्प्याटप्प्याने येतील, आणि कामाचा बोजाही एकदम पडणार नाही. पेरल्यापासून फूल यायला वाणाप्रमाणे दोन ते तीन महिने लागतात. मी त्या बेतानेच रजा टाकते आहे.

खताबाबत बाबांचा हात सैल आहे, म्हणून आधीच सांगते. सुरुवातीला मातीत कुजलेलं कंपोस्ट मिसळलं की पुरे. नत्र जास्त झालं तर पानंच पानं माजतात, खोड लुसलुशीत होतं आणि पहिल्याच वाऱ्यात आडवं होतं. मावा दिसला तर पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धुऊन टाका. फुलं उघडल्यावर कीटकनाशक अजिबात नको, मधमाश्या त्यावरच असतात.

आणखी एक, केवळ मजा म्हणून. आपण ज्याला एक फूल म्हणतो तो शेकडो फुलांचा मेळा असतो. कडेच्या पिवळ्या पाकळ्या ही वेगळी, वांझ फुलं. मधल्या तबकडीतलं प्रत्येक बारीक फूल फळलं की त्याचा एक दाणा. ती कडेकडून आत उमलत जातात. बाबा, तबकडीतली वळणं मोजा: एका दिशेला बहुतेक वेळा 34, उलट्या दिशेला 55. मोठ्या फुलात 55 आणि 89. भिंगाने मोजलंत तर दुपार सहज जाईल, आणि आईला तेवढीच शांतता.

दाणे हवे असतील तर फुलाची पाठ पिवळी पडून तपकिरी होऊ लागली की डोक्यावर पातळ कापड बांधा, नाहीतर पोपट तुमच्या आधी पोचतील. माझं विचाराल तर दोन-तीन डोकी राखा आणि बाकीची त्यांच्यासाठी सोडा. पाकिटावर संकरित लिहिलेल्या वाणाचं बी मात्र पुढच्या पेरणीला धरू नका, त्यातून आईबापासारखी झाडं येतीलच असं नाही.

बियांची तीन पाकिटं सोबत आहेत, वर नावं मोठ्या अक्षरांत लिहिली आहेत. काठ्या आणायला, बाबा, एकटे जाऊ नका. मी येताना घेऊन येते, तोवर उंच वाणाचं पाकीट उघडायचं नाही.

तुमची,
धाकटी