सफरचंदाचं झाड लावलंय

ती. बाबा आणि आई यांस,
शि. सा. नमस्कार.

फोनवर हे सांगायला घेतलं की आई "जेवलीस का" विचारते, बाबा टोमॅटोच्या पानांवर घसरतात आणि विषय राहून जातो. म्हणून लिहून पाठवते आहे. बाबा, तुम्ही तासगावच्या द्राक्षवाल्यांना पोस्टकार्डं लिहायचात, त्यात पहिल्या ओळीत मुद्दा असायचा आणि मग फवारणी. मीही तसंच करते.

आम्ही इथं घर घेतलंय. किल्ल्या मिळाल्या. म्हणजे छोटीची शाळा संपेपर्यंत तरी आम्ही नॉटिंगहॅममध्येच राहू.

आई, लगेच डोळ्यांना पदर लावू नकोस. आधी सगळं वाच.

भाडं इतकं वाढत चाललं होतं की हप्ता आणि भाडं यात फारसा फरक उरला नव्हता. छोटी शाळेत आता कुठे रुळली आहे, तिला या वयात उपटून सांगलीत आणून लावायचं म्हणजे तिचे हाल. तुमच्या जावयांची नोकरी इथली, माझी पण. आणि घर घेतलं म्हणजे काही कायमचं पायात बेडी घातली असं नाही, घर विकताही येतं. हे सगळं तुम्हाला पटेल. तुम्हाला नेहमीच सगळं पटतं, हीच तर पंचाईत आहे. एकदा रागावला असतात तर मला बरं वाटलं असतं.

वरच्या खोलीचं मला माहीत आहे. खिडकीला जाळी बसवलीत, नवा पंखा लावलात, कुणासाठी ते कुणी बोललं नाही. ती भाड्यानं द्या असं मी म्हणणार नाही. तशीच ठेवा असंही म्हणायची मला लाज वाटते. तुम्ही दोघं काय ठरवाल ते.

आता घराबद्दल. मॅपर्ली नावाच्या चढावर आहे. बाबा, तुम्हाला आवडेल अशी गोष्ट सांगते: या टेकडीची माती लालसर, चिकण, आणि एके काळी इथं विटांच्या भट्ट्याच भट्ट्या होत्या. लंडनचं सेंट पँक्रस स्टेशन याच विटांचं. तेव्हा विचार करा, माझ्या परसात फावडं घातलं तर काय निघत असेल! ओली असताना बुटाला चिकटते, वाळली की कुदळ उसळते. इथल्या एकीनं मला वाळू मिसळायला सांगितलं. मी ऐकलं नाही. चिकण मातीत थोडीशी वाळू घातली तर ती आणखी घट्ट होते, हे तुम्ही अंगणातल्या जुन्या वाफ्यावर मला दाखवलं होतंत. पालापाचोळा कुजवून घालते आहे. दोन पावसाळे जातील म्हणालात तर इथं बाराही महिने पावसाळाच आहे.

त्या मातीत गेल्या आठवड्यात सफरचंदाचं झाड लावलं. ब्रॅमली जातीचं. ही जात इथलीच. आमच्यापासून वीसेक किलोमीटरवर साउथवेल म्हणून गाव आहे, तिथे १८०९ मध्ये मेरी अ‍ॅन ब्रेल्सफर्ड नावाच्या मुलीनं बिया पेरल्या, त्यातलं एक झाड जगलं. ती लग्न होऊन निघून गेली. पुढे १८४६ मध्ये ते घर ब्रॅमली नावाच्या खाटकानं घेतलं, आणि दहा वर्षांनी एका रोपवाटिकावाल्यानं कलमं मागितली तेव्हा हा म्हणाला, "खुशाल घे, पण नाव माझं लाव." झालं! पेरणारीला पत्ताच नाही. आई, तुझ्या माहेरच्या रायवळ आंब्याचंही असंच झालं ना? मला ती गोष्ट वाचताना मामाच आठवला.

झाड एम २६ खुंटावर, म्हणजे त्या नावाच्या मुळांच्या रोपावर, कलम बांधलेलं आहे. बाबा, तुमच्याकडे द्राक्षाला डॉगरिजचा खुंट असतो तसाच, फक्त डॉगरिज वेल जोमानं वाढवतो आणि हा झाड आवरून धरतो. ब्रॅमली मुळात माजोरी, मोठ्या खुंटावर घेतली तर शेजाऱ्याच्या कौलांवर जाईल. तिचे परागकण दुसऱ्याला उपयोगी पडत नाहीत आणि तिला मात्र दुसऱ्याचे लागतात. शेजारी सफरचंद आहे आणि रस्त्याकडेला रानटी सफरचंदं आहेत, तेवढ्यावर भागावं. फळ तीन-चार वर्षांनी.

ते तीन-चार वर्षांचं मी लिहून खोडलं होतं, मग परत लिहिलं. तोवर ब्रॅमली बाजारात ढीगभर मिळतात. आई, ही सफरचंदं कच्ची खाववत नाहीत, आंबट ढाण असतात, पण कैरीच्या जागी फक्कड. मी मेथांबा केला होता गुळातला. फोडी लवकर विरघळतात, म्हणून फोडणीत मेथ्या तडतडल्या की गूळ आधी वितळवायचा आणि फोडी मागाहून टाकून झाकण न ठेवता जरा शिजू द्यायच्या. कुणाला सांगितलं नसतं तर कैरीचाच वाटला असता. तुझी मोहरी फेसून लोणचं करायचं राहिलंय, ते तू आल्यावर.

हो, तू आल्यावर. मे महिन्यात दोघांनी यायचं, सप्टेंबरपर्यंत राहायचं. व्हिसा सहा महिन्यांचा मिळतो, त्यात बसतं. त्याचं सगळं मी बघते, तुम्ही फक्त फोटो काढून ठेवा, आणि बाबा, फोटोत हसायचं नसतं, तुम्हाला काही अवघड जाणार नाही.

तुमची सोय सांगते. तुमची झोपायची खोली खालीच आहे, जिना चढायचा नाही. खालच्या न्हाणीघरात कमोडशेजारी धरायला दांडा बसवून घेतलाय. गरम पाणी दिवसभर नळाला. ज्वारीचं पीठ मिळतं, जरा जुनं असतं, पण उकड काढून भाकरी होते. आईचा गुडघा शेकायची पिशवी घेऊन ठेवली आहे. देवघर स्वयंपाकघराच्या खिडकीत पूर्वेला, आणि फुलांचं म्हणशील तर जूनमध्ये गुलाब इतका असतो की तुझे देव दमतील. तगर आणि पारिजातक मात्र मिळायचा नाही. तुळस उन्हाळ्यात खिडकीत धरते, हिवाळ्यात जाते. दरवर्षी नवी लावायची, त्याचं वाईट वाटून घ्यायचं नाही.

बाबा, जूनमध्ये इथं रात्री साडेनऊपर्यंत उजेड असतो. जेवून परत बागेत जाता येतं. तुम्हाला सेंट अ‍ॅन्सच्या बागा दाखवायच्या आहेत, मी जिथे आधी वाफा घेतला होता. शहरातल्या लोकांनी घरापासून दूर घेतलेले बागेचे तुकडे, प्रत्येकाभोवती उंच कुंपणाची झुडपं, कुठेकुठे व्हिक्टोरिया राणीच्या काळातली विटांची खोपटी. माझ्या शेजारी जमैकाचे एक आजोबा होते. ते 'कॅलालू' म्हणून जी भाजी लावायचे, ती बघितली आणि मी उडालेच. आपला माठ! लसूण-मिरचीवर परतून डबा नेऊन दिला, तेव्हापासून ते मला बी देतात आणि मी त्यांना मेथी. मेथी इथं मेमध्ये पेरली की पाच-सहा आठवड्यांत काढायला येते. कोथिंबीर मात्र लांबलेल्या दिवसांमुळे लगेच फुलावर जाते, पट्कन खाऊन मोकळं व्हायचं. दोडका आणि दुधी काचेच्या खोपटात. मेच्या मध्यापर्यंत दहिवर गोठतं, त्याआधी काही बाहेर काढायचं नाही. बिनशंखाच्या गोगलगायी रात्रीत वाफा साफ करतात. छोटी बॅटरी घेऊन वेचायला जाते, माझ्यासारखीच किळस नाही पोरीला.

बी आणायचं नाही! आत्ताच सांगते. सरकारी वनस्पती-आरोग्य दाखल्याशिवाय बियाणं किंवा रोप इथं आणता येत नाही. कढीपत्त्याची काडी शर्टाच्या खिशात घालून आणणारे तुम्हीच, मला माहीत आहे. विमानतळावर मी ओळख दाखवणार नाही.

आता गच्चीचं. रागावू नका, पण हे ठरलेलं आहे.

शिडीवरून पाय घसरल्याचं मला तुम्ही सांगितलं नाहीत, आईनंही नाही. शेजारच्या काकूंनी सांगितलं. नुसतं खरचटलं म्हणता, पण शहात्तराव्या वर्षी, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेल्या डोळ्यांनी, पाण्याची बादली घेऊन लोखंडी शिडी? मला कळतं का वर गेलात ते. २०१९ च्या पुरात आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलं, अंगणातलं सगळं गाळाखाली गेलं, आणि तेव्हा तुम्ही म्हणालात, "आता झाड जमिनीवर लावणार नाही." पारिजातकाचं खोड तोडायला तुम्ही कुणाला हात लावू दिला नाहीत. मी विसरले नाहीये. मी लहान असताना त्याच झाडाखाली चादर अंथरून द्यायचात आणि झाड हलवायचात, आणि मी डोळे मिटून बसायचे. केसांत फुलं, मानेवर मुंग्या. अजून कुठे पारिजातकाचा वास आला की मानेला खाज सुटते.

पण बाबा, पूर येतो जुलै-ऑगस्टमध्ये, आणि शिडी चढावी लागते मार्च ते मे. म्हणजे भीती एका ऋतूची आणि पाय मोडायची वेळ दुसऱ्याच ऋतूची. म्हणून असं करायचं: लिंबू, डाळिंब आणि शेवग्याची मोठी पिंपं वरच राहतील, त्यांना ठिबक. रोज हात लावायचं ते, म्हणजे तुळस, जास्वंद, गवती चहा, मिरच्या, पुदिना, हे सगळं खाली ओट्यावर. अळू न्हाणीच्या पाण्यावर, त्याची जागा तीच. जूनमध्ये कुंड्या वर चढवायला आणि दिवाळीला उतरवायला मुलगा येईल, त्याच्याशी बोलून ठेवलंय. कुंड्या जड आहेत म्हणाल, तर निम्मी माती काढून टाका आणि रसवंतीवाल्याकडची चिपाडं भरा. तुम्हीच सांगता सगळ्यांना. चिपाड, पालापाचोळा, वर चार बोटं माती आणि गांडूळखत, मूठभर निंबोळी पेंड.

ठिबकाला टायमर आहे. ताशी दोन लिटरचे ड्रिपर, पिंपाला दोन-दोन. सकाळी अर्धा तास चाललं की पिंपाला दोन लिटर पाणी पडतं. एप्रिलमध्ये संध्याकाळी पुन्हा लावा. आपलं बोअरचं पाणी क्षाराचं आहे, ड्रिपर बुजणार, म्हणून गाळणी पंधरा दिवसांनी धुवायची. धुवायला तो मुलगा जाईल. तुम्ही नाही.

आणि तो जीवामृताचा पिंप! दोनशे लिटर म्हणजे नुसतं पाणीच दोनशे किलो, आणि ते त्या जुन्या स्लॅबवर. दहा किलो शेण, दहा लिटर गोमूत्र हे एकरभर शेताचं माप आहे, आपल्या पंचवीस कुंड्यांचं नाही. वीस लिटरची बादली घ्या, किलोभर शेण, लिटरभर गोमूत्र, थोडा गूळ, थोडं बेसन, मूठभर माती. खाली, सावलीत, झाकून. आईला ढवळायला लावू नका, वासानं तिचं डोकं दुखतं, ती बोलत नाही.

आई, तुला एकच काम. बाबा वर जायला निघाले की बीपीची गोळी घेतली का विचार. घेतली नसेल तर परत बसव. घेतली असेल तरी परत बसव. आणि तू स्वतः ते भिंतीवरून वाकून शेजारणीशी कढीपत्त्याची देवाणघेवाण करतेस ना, ती बंद. दारातून जा. साखर तपासलीस का या महिन्यात? रिपोर्टचा फोटो पाठव, "बरं आहे" लिहून पाठवू नकोस.

मी फार हुकूम सोडते आहे, दिसतंय मला. एवढ्या लांबून दुसरं काही करता येत नाही, म्हणून. तुम्ही मला माझ्या परसाचा नकाशा कागदावर काढून पाठवा, बाबा. उत्तरेला कुंपण, पश्चिमेला शेजाऱ्याची भिंत, दक्षिण मोकळी. वाफे कसे घ्यायचे, उभे की आडवे, ते तुम्ही आखून द्या. मी एप्रिलपर्यंत काही खणत नाही.

तुमची,
बबी

ता. क. ठिबकवाला गुरुवारी सकाळी येईल. पैसे मी दिलेत, वर काही देऊ नका. चहा द्या. पाइप कुठून न्यायचा ते त्याला शिकवू नका. बरं, थोडं शिकवा, पण खाली उभं राहून. टायमरला दोन पेन्सिल सेल लागतात, ते टीव्हीच्या रिमोटमधून काढू नका, नवे आणा.