खुन सा याचा पाडाव झालाच कधी?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

ब्रह्मदेशातील खुन सा याच्यावरच्या आपल्या रविवारच्या लेखात त्याला ‘सरकारला जेरीस आणणारा अफूसम्राट’ म्हटले आहे. मी निवृत्त इतिहास शिक्षक. सवयीने लाल पेन हाती आले.

या माणसाला वाढवले ते सरकारनेच. 1963 साली ने विनच्या लष्करी राजवटीने शान प्रांतातल्या सशस्त्र टोळ्यांना ‘का क्वे ये’, म्हणजे गृहरक्षक दल, अशी मान्यता दिली. बंडखोरांशी लढा, बदल्यात सरकारी रस्त्यांवरून खुशाल अफू न्या, असा रोखठोक सौदा. चिनी बाप आणि शान आई यांचा हा मुलगा त्याच परवान्यावर फौजेचा धनी झाला. 1967 मध्ये सुमारे 16 टन अफू लादलेला त्याचा खेचरांचा तांडा मेकाँग ओलांडून लाओसमधल्या बान ख्वानला पोहोचला. मागावर कुओमिंतांगचे, म्हणजे माओकडून हरून चीनबाहेर पडलेल्या पक्षाचे, चिनी सैनिक होतेच. एका सॉ मिलपाशी दोघे भिडले, तेवढ्यात लाओसच्या विमानांनी दोघांवरही बॉम्ब टाकले आणि माल गेला लाओसच्या सेनापतीच्या घशात. दोन मांजरे आणि माकडाची गोष्ट, फक्त लोण्याऐवजी अफू!

पुढे शान बंडखोरांशी संधान बांधल्यावरून 1969 मध्ये तो तुरुंगात गेला. 1973 मध्ये त्याच्या माणसांनी शान प्रांताची राजधानी तौंजी येथून दोन सोव्हिएत डॉक्टर पळवले. 1974 मध्ये डॉक्टरही सुटले, तोही सुटला.

थायलंडमध्ये बान हिन तेक येथे 1982 पर्यंत त्याचे ठाणे होते. मुलगी चिआंग माईला असते, तिने मागे मला तिथे नेले. गावाचे नाव आता थोएट थाई आहे आणि जुना तळ पर्यटकांना दाखवतात. मी समजत होतो, लोक त्याचे नाव दबकत घेतील. आमच्या ड्रायव्हरने घाटात गाडी बाजूला घेतली, खालच्या गावाकडे बोट केले आणि ‘शाळा त्याने दिली,’ एवढे म्हणून पुन्हा गिअर टाकला. अफूचे नाव मीच काढले, तर त्याने रेडिओ मोठा केला.

लेखातला ‘पाडाव’ हा शब्दही मला पटला नाही. 1995 मध्ये त्याच्या फौजेतले शान अधिकारी फुटले. वरच्या जागा चिन्यांना मिळतात, हा त्यांचा राग. एका बाजूने ‘वा’ जमातीची सेना, दुसरीकडे थायलंडने आवळलेली सीमा. खुन सा कोंडीत सापडला हे खरे. पण जानेवारी 1996 मध्ये शरण आला तो बोलणी करून. अमेरिकेने 20 लाख डॉलरचे इनाम लावले होते, तरी ब्रह्मदेशाने त्याला सोपवले नाही. तो रंगूनमध्ये राहिला, धंदे केले आणि 26 ऑक्टोबर 2007 रोजी 73व्या वर्षी तिथेच वारला.

राहिली अफू. 2023 मध्ये तिच्या उत्पादनात म्यानमारने अफगाणिस्तानलाही मागे टाकले. तेव्हा ‘साम्राज्य लयाला’ हे उपशीर्षकही तपासावे.

दुरुस्ती छापणार असाल तर ‘सरकारला जेरीस आणणारा’ खोडून ‘सरकारी परवान्यावर पोसलेला’ एवढेच घाला. जागाही तेवढीच लागेल.

आपला,
एक जुना वर्गणीदार