शनिवारची गणित बैठक: तिसरी-चौथीच्या पालकांसाठी

पालकहो, नमस्कार.

येत्या शनिवारी सकाळी १० वाजता चौथीच्या वर्गात गणिताची बैठक आहे. घरी जो अभ्यास घेतो त्याने यावे. आजी-आजोबा घेत असतील तर त्यांनीच यावे, ते जास्त उपयोगाचे.

मुलांची वही जशी आहे तशी आणा. चुका खोडू नका, त्याच बघायच्या आहेत. ५२ − २७ = ३५ हे उत्तर बऱ्याच वह्यांत सापडते. २ मधून ७ जात नाहीत, म्हणून मूल ७ मधून २ काढते. त्याला वजाबाकी येते; एक दशक सुटा केला की १२ एकक होतात, हे मात्र त्याने डोळ्यांनी पाहिलेले नसते. आपण काड्यांचे गठ्ठे सोडून ते दाखवायला शिकू. वेळ उरला तर अपूर्णांकही घेऊ.

तोवर घरी:

- पाढे रोज म्हणून घ्या. 'सात आठे' अडले तर 'सात साते एकोणपन्नास' मध्ये ७ मिळवायला सांगा.
- उत्तर चुकले तर लगेच बरोबर उत्तर सांगू नका. "कसं काढलंस?" असे विचारा आणि पूर्ण ऐकून घ्या. बरोबर आले तरी विचारा.

येणे जमणार नसेल तर शुक्रवारी संध्याकाळपर्यंत इथेच कळवा.